खिडकी पानावरून उठते

मी खिडकी. भिंतीतली नव्हे, उत्रोलीच्या भात गिरणीतल्या कॉम्प्युटरमधली. काट्यावर पोतं चढलं की मी उघडते, नाव-वजन दाखवते, पावती निघाली की संपते. आयुष्य एका पोत्याएवढं, पण तोंड मोठं. ऐकून घ्या.

आम्हाला जन्म दिला स्नेहलने, गिरणीच्या सुनेने. सासू ठकुबाईंनी तिला आधीच बजावलं होतं, "भर हंगामात अडलं तर तुझं डबडं माळ्यावर, अन् तू चुलीकडं." म्हणजे पोरीची खुर्ची आमच्यावर टांगलेली.

आणि पोरीने चूक केलीच. आपल्याकडे पाहुणा "येतो" म्हणतो, चपला घालतो आणि दारातच अर्धा तास गप्पा हाणतो. तिने माझ्या थोरल्या बहिणींना तेच वळण लावलं. बंद करायची फुली दाबली की दिसेनाशा व्हायच्या, पण जायच्या कुठं? मेमरीत जागा अडवून एकमेकींच्या उरावर बसायच्या. दिवाळी झाली, इंद्रायणीचं भात आलं, गर्दी उसळली आणि कॉम्प्युटरला धाप लागली. माऊसचा बाण जागचा हलेना.

"वैनी, पोतं वरच हाय अजून," गोरख हमाल म्हणाला. "का काट्यासकट गिऱ्हाइकाच्या घरी नेऊ?"

"पयल्यांदा झालं म्हून सोडते," ठकुबाई म्हणाल्या. "उद्या अडलं तर माळा."

स्नेहल पेटली. रातोरात हुकूम लिहिला, बंदचं बटण दाबताक्षणी खिडकी खलास, जागा मोकळी. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत करून पाहिलं. माझी एक बहीण, आम्हा सगळ्यांची नावं सांभाळणाऱ्या मोठ्या खिडकीला "पावती झाली" म्हणून सांगायला तोंड उघडते, तोच तिचा गळा दाबला. मोठी तिला हाक मारायला वळली, तर तिथे कोणीच नाही. मोठी भेलकांडली आणि अख्खा प्रोग्राम आडवा.

रागारागात स्नेहल न्याहारीची भांडी आवरायला लागली. गोरखच्या पुढचं ताटही उचललं.

"अगं, घास हातात हाय त्याच्या," ठकुबाई ओरडल्या. "हात धुऊन उठू दे, मग ने की ताट."

"ऱ्हाऊ द्या काकू. काल काटा मागितला न्हवं, त्याची सजा आसंल."

स्नेहलने ताट परत त्याच्यापुढे ठेवलं आणि हुकूम बदलायला कॉम्प्युटरकडे पळाली.

आता आमची रीत अशी. बंद म्हटलं की आधी हातातलं काम पुरं करायचं, मोठीला निरोप द्यायचा, तिने आमचं नाव पुसायचं, मगच जागा मोकळी. दारात घुटमळायचं नाही आणि घास हातात असताना कोणी उठवायचंही नाही.

आज गर्दी दांडगी. काट्यावर धोंडाबाईचं पोतं, मी तिची खिडकी. माऊस मात्र ठकुबाईंच्या हातात. "जरा बघू दे" म्हणून सकाळी बसल्या त्या बसल्याच.

"आई, माझी खुर्ची."

"व्हय गं, उठते. हातातलं होऊ दे की."

मला तरी दुसरं काय हवं असतं, बाई? पावती निघाली. निरोप दिला. हात धुतला. भिमा पोतं घेऊन मागं ताटकळलाय, माझी जागा त्याच्या खिडकीला द्या.