मला साबण लावू नका

मी फिल्टर बोलतोय. माझा आवाज म्हणजे नुसती घरघर, त्यामुळे माझ्याकडे कुणी लक्ष देत नाही. पण आज बोलणारच आहे, कारण डोकं फिरलंय माझं.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात दिपेशच्या घरी दोन फुटी काचेची टाकी आहे. तिच्या पाठीला मी लटकलेला असतो. पोटात एक स्पंज, त्याच्यामागे चिनी मातीच्या कड्यांची पिशवी आणि खाली बोटाएवढी मोटर. टाकीतलं खारं पाणी ओढायचं, पोटातून फिरवायचं आणि परत सोडायचं, एवढंच काम. पण ते समजून घ्यायला या घरात कुणाला वेळ नाही.

दिपेशने मला माजिवड्याच्या दुकानातून आणलं ते त्याच्या आईसाठी. मनुबाई तिचं नाव. चाळीस वर्षं बाजारात मासळी विकली तिने. मग गुडघे गेले, बाजार सुटला, खाडीवर जाणंही सुटलं. दिवसभर भिंतीकडे बघत बसायची, धड बोलायची नाही. दिपेशला वाटलं, आई दर्यावर जात नाही तर दर्याच घरी आणू.

"खायाचा नाय, इकायचा नाय, मंग म्हावरा पालाचा कशाला रं?" मनुबाई म्हणाली.

"अगं, बघ तर खरं. नुसतं बघायचं."

पण बघायला होतं काय? दुकानदाराच्या सांगण्यावरून पहिले पाच आठवडे टाकीत नुसतं मीठ घातलेलं पाणी, दगड आणि दिपेश रोज टाकायचा ते चिमूटभर खाणं. शेजारीपाजारी येऊन हसून जायचे. आत मात्र माझं काम चाललं होतं. माझ्या स्पंजात, कड्यांत, दगडांच्या भोकांत बारीक जिवाणू घर करत होते. मासे जी घाण टाकतात तिचं विष होतं, आणि ते विष हे जिवाणू खातात. ते दिसत नाहीत. दिसतो तो फक्त त्यांचा तपकिरी, बुळबुळीत थर, आणि माणसाला तो मळ वाटतो. इथेच माझं नशीब फुटलं.

मासे आले. दोन, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. मनुबाईने त्यांची नावं ठेवली गणू आणि शालन. आठवड्याभरात ती टाकीसमोर खुर्ची टाकून बसू लागली. सकाळी काय शिजवलं ते शालनला सांगायची, गुडघ्याची तक्रार गणूकडे करायची. ती दिसली की दोघं काचेपाशी येत. घरात तिचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला आणि मला खरंच अभिमान वाटला.

मग नारळी पौर्णिमा आली.

कोळ्याच्या घरी त्या दिवशी सगळं लख्ख हवं. भांडी घासून झाली, देव उजळले, आणि मनुबाईची नजर माझ्यावर पडली. "आज दर्याचा सन, आनि तू असा मलका?" तिने स्पंज काढला, कड्या काढल्या, दगडसुद्धा काढले. भांड्यांचा साबण, काथ्या आणि नळाचं धो धो पाणी! मी ओरडत होतो हो, पण मोटर बंद, ऐकणार कोण? सगळं पांढरंशुभ्र करून तिने जागेवर ठेवलं आणि माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं. दिपेश संध्याकाळी आला तो म्हणाला, "वा आई, एकदम नव्यासारखं!"

नव्यासारखं म्हणजे रिकामं, हे त्याला तरी कळायला नको?

चौथ्या दिवशी शालन तळाशी आडवी झाली. जन्मभर मासे कापलेली ती बाई एवढ्याशा माशासाठी पदर तोंडाला लावून रडली. दिपेश रोज थोडं पाणी बदलत राहिला म्हणून गणू वाचला. आणि दोष कुणाला? मला! "या फिल्टरमध्ये दमच नाही," म्हणे.

मी मुकाट्याने पुन्हा सुरुवात केली. नवरात्र येईस्तोवर माझा स्पंज परत तपकिरी झाला होता, पाणी ठीक होतं, गणू खात होता. आणि दिवाळीच्या तोंडावर या शहाण्याने माझ्या दुप्पट आकाराचा नवा फिल्टर आणला. कोरा करकरीत. मला उचकटून मोरीत टाकलं. माझ्या पोटातलं काहीही नव्यात न घालता! पुन्हा तेच होणार होतं, या वेळी गणूचं.

मनुबाई मोरीत आली. हातात साबण. "धुऊन ठेवते, कुनाला तरी उपेगी येल," असं पुटपुटत तिने स्पंज उचलला. नळावर हात गेला. मी म्हटलं, संपलं.

आणि तिने स्पंज नाकाशी नेला. सवयच ती. ताजं की शिळं, हे ती जन्मभर नाकानेच ठरवत आली. मागच्या वेळी सणाच्या घाईत तेवढंच राहिलं होतं.

तिने साबण खाली ठेवला.

"दिपेश, इकडं ये रं. ही घान नाय. आमी ल्हानपनी ओहोटीला चिखलान निवटीचा म्हावरा पकराला जायाचो, तोच वास हाय हा." मग तिने स्पंज त्याच्यापुढे धरला. "ज्या चिखलावर म्हावरा जगतो, तोच मी साबनानं धुतला. शालन माज्यामुलं गेली रं."

दिपेशने स्पंज माझ्या पोटात परत बसवला. त्याने मला उचललं आणि नव्या फिल्टरच्या शेजारी परत लटकवलं.

आता आम्ही दोघं असतो. तो ढोल्या माझ्याकडूनच जिवाणू घेतोय आणि मिजास मात्र स्वतःची दाखवतोय. असू दे. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर एवढंच ऐका, स्पंज फार तुंबला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. दगड-कड्यांना हात लावू नका. आम्हाला चकचकीत करायचा सोस सोडा.

काल मनुबाई माझ्यापाशी आली. वाकून वास घेतला. "बरा हायस," म्हणाली, आणि साबण घेऊन भांड्यांकडे वळली.