अर्ध्या मिनिटाची घरघर

मी तिसऱ्या मजल्यावरचा पॉलिशवाला बोलतोय. माणूस नव्हे, यंत्र. जर्मनीतल्या कासेल स्टेशनसमोरच्या एका हॉटेलात, लिफ्टशेजारी, बर्फाच्या पेटीला खेटून एकतीस वर्षं उभा आहे. मला तीन गोल ब्रश आहेत: एक धूळ झाडणारा, एक काळ्या बुटांसाठी, एक तपकिरी बुटांसाठी. बुटाच्या टोकाने बटण दाबलं की मी अर्धं मिनिट घरघरतो आणि मग आपोआप थांबतो. मधेच थांबायची सोय माझ्यात नाही. त्यापायी माझ्या हातून जे घडलं, ते सांगायला मी तोंड उघडलंय.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा रुबाब होता. सकाळी सात वाजता माझ्यापुढे रांग लागे. सूटबूटातले साहेब एका पायावर तोल सांभाळत उभे राहायचे आणि चुकूनही एकमेकांकडे बघायचे नाहीत. मग लोक कापडी बूट घालून येऊ लागले आणि मला कोणी विचारेना. गालिचा विटला, खोल्यांमधले फोन मुके झाले. टीमानसाहेब मात्र येत राहिले.

एकार्ट टीमान दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या विकायचे. दर दुसऱ्या मंगळवारी त्यांचा मुक्काम असे आणि बुधवारी सकाळी त्यांचे तपकिरी बूट माझ्यापुढे हजर. त्यांच्याकडे हॉटेलच्या कंपनीचं सोनेरी सदस्यकार्ड होतं. नेहमीच्या पाहुण्याचा मान म्हणून कार्डवाल्यांच्या खोलीत एक सफरचंद ठेवलं जाई. सफरचंदाने साहेबांच्या घशाला खाज सुटते, हे कंपनीच्या कॉम्प्युटरला बावीस वर्षांत कळलं नाही. खाली स्वागताला बसणाऱ्या कुंकेलबाईंना ते दुसऱ्याच खेपेला कळलं. तेव्हापासून त्या सफरचंद उचलून तिथे घरून आणलेली नासपती ठेवायच्या.

मंगळवारी त्या स्वतः वर येऊन माझं तपकिरी पॉलिश भरायच्या. खोल्या आवरणारी द्रागित्सा त्यांना हमखास चिडवायची.

"काय गं रोस्विता, आज मंगळवार वाटतं!"

"गप गं. बावीस वर्षं झाली, अजून अहो-जाहोच चाललंय आमचं."

"मग म्हण की सरळ, अरे एकार्ट!"

"मी कशी म्हणू? ते वयाने मोठे, त्यातून पाहुणे. 'मला तू म्हण' हे त्यांनीच म्हणायला हवं ना."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब बूट पुढे करून माझ्यापाशी पुटपुटायचे, "रोस्विता, मला तू म्हण... छे, छे! बाईमाणसाच्या आधी आपण कसं म्हणायचं? बरं दिसत नाही. त्यांनी म्हटलं तर गोष्ट वेगळी."

दोन्ही बाजू ठाऊक असलेला अख्ख्या हॉटेलात मी एकटा. इतकं वाईट वाटायचं मला! पण मला फक्त घरघरता येत होतं.

या मार्चात हॉटेलचं रूप पालटायचं ठरलं. आधी द्रागित्साला काढलं, मग कुंकेलबाईंना चिठ्ठी मिळाली. शुक्रवार त्यांचा शेवटचा दिवस. त्याआधीच्या बुधवारी सकाळी साहेब माझ्यापुढे उभे होते, तेव्हा लिफ्टचं दार उघडून बाई बाहेर आल्या. खाली चारचौघांसमोर त्यांना बोलायचं नसावं.

"टीमानसाहेब, जरा एक सांगायचं होतं."

"मलाही. पण तुम्ही आधी."

"नाही, तुम्ही बोला."

"छे, छे, आधी तुम्ही."

साहेब इतके गडबडले की मान खाली घालून बुटांकडेच बघत राहिले. पाय हलला आणि टोक बटणावर पडलं. मी सुरू झालो. नेमकं तेव्हाच बाईंनी डोळे मिटून म्हणून टाकलं, "मी शुक्रवारी जातेय इथून. इतकी वर्षं झाली... आता तरी मला तू म्हणाल का?"

मी जीव खाऊन थांबायचा प्रयत्न केला. पण अर्धं मिनिट म्हणजे अर्धं मिनिट.

"काय म्हणालात?" मी थांबल्यावर साहेबांनी विचारलं. "या घरघरीत काही ऐकूच आलं नाही."

बाईंचं धाडस एकदाच पुरेल इतकं होतं. "काही नाही. तपकिरी पॉलिश संपत आलंय म्हटलं. तुम्ही काय सांगणार होतात?"

"मी? ते... नासपतीबद्दल आभार मानायचे होते."

बाई हसल्या आणि लिफ्टने खाली गेल्या.

साहेब परवा पुन्हा आले. हातात सफरचंद घेऊन थेट माझ्यापाशी. मग म्हणाले, "खाली बाईंच्या जागी आता कॉम्प्युटरचा बोलका पडदा लावलाय रे. कार्ड दाखवलं तर म्हणतो, एकार्ट, तू परत आलास, मस्त वाटलं! मला तू म्हणायला त्याला एक मिनिटही लागलं नाही."

त्यांनी सफरचंद माझ्या डोक्यावर ठेवलं आणि बटण दाबलं. माझी वायर आदल्याच दिवशी काढून टाकली होती. पुन्हा दाबलं. मग वाकून मला थोपटलं.

"तूसुद्धा का रे?"

बावीस वर्षं ओठांवर अडलेला तो 'तू' शेवटी माझ्या वाट्याला आला.

उद्या मला घेऊन जाणार आहेत. जायच्या आधी एकच विनवणी. कोणाला काही म्हणायचं राहिलं असेल तर "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत बसू नका. मधे कोण घरघरायला लागेल सांगता येत नाही. आणि कुंकेलबाई, तुम्ही त्या दिवशी जे म्हणालात, ते मी शब्दन् शब्द ऐकलंय. मला क्षमा करा. आता मी अगदी गप्प आहे; आता म्हणाला असतात, तर त्यांना ऐकू आलं असतं.