विटांची कड

"नावातच वीड आहे, बाई! वीड म्हणजे तण. मी तरी काय करू?" असं म्हणून गावच्या कचेरीतला कारकून लेल तण काढायची नोटीस अर्विलाबाईंच्या हातात ठेवून मोकळा झाला.

अर्विलाबाईंचं डोकंच फिरलं. नाव ठेवलं कुणी? माणसांनीच ना! घरापुढची हिरवळ उकरून, तीन वर्षं खपून त्यांनी मिल्कवीड लावलं होतं. आयोवाच्याच मातीतलं, देठ मोडला की रुईसारखा चीक येणारं. मोनार्क फुलपाखराच्या अळीला दुसरं पान चालतच नाही, हे नसलं की उपाशी मरायचं. आत्ता त्यावर बावीस अळ्या चरत होत्या. आणि हे म्हणे तण!

"मग उपाय सांग."

"भोवती विटांची कड घाला. कड असली की नियमात ती बाग. शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

म्हणजे झाड तेच, अळी तीच, चार विटा लावल्या की अब्रूदार! वा रे नियम! तरी बाई गुरुवारी सकाळीच गाडी घेऊन विटा आणायला गेल्या. परत येऊन बघतात तर अंगण साफ भादरलेलं. ज्याच्या तक्रारीवरून नोटीस निघाली, तो शेजारचा डॅरल आपल्या गवतकापणीच्या यंत्रावरून उतरत होता.

"म्हटलं, या वयात तुम्हाला कशाला त्रास? उरकून टाकलं," तो हसून म्हणाला. "शेजारधर्म!"

"शुक्रवार उद्या आहे, मेल्या!"

गुडघ्यांवर बसून त्यांनी चिकानं बरबटलेला सगळा पाला चिवडला. एक अळी जिवंत सापडली नाही. बाईंना रडू आलं, पण डॅरलसमोर त्यांनी ते गिळलं. विटा गाडीतच राहिल्या.

मिल्कवीडची मुळं मात्र जमिनीखालून पसरतात, त्यांना कुंपण कोण दाखवणार? तीन आठवड्यांनी कोंब फुटले. बाईंच्या अंगणात दोन, आणि डॅरलच्या लाडक्या हिरवळीत चांगले पाच! तो तण मारायच्या औषधाचा पंप घेऊन बाहेर आला, तशा बाई धावल्या. पहिलंच पान त्यांनी उलटलं. खाली मोनार्कचं टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं अंडं होतं.

"अर्विलाबाई, ही माझी जागा आहे."

"आहे ना! मग आधी नोटीस घे, मुदत घे. मला दिलेली मुदत तू पाळली नाहीस, निदान स्वतःची तरी पाळ!"

डॅरलच्या देखतच बाईंनी गाडीतून एकेक वीट आणली आणि त्याच्याच हिरवळीत पाच कोंबांभोवती कड घातली.

"झाली बाग," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आता लाव हात!"