कानाला लावायचा पेचकस

मी एक जुना पेचकस आहे. हो, तोच, स्क्रू पिळायचा. पण मित्रांनो, लगेच पान उलटू नका, कारण स्क्रू मी फक्त पहिली तीन वर्षं पिळले, आणि त्यानंतर जे काम केलं ना, ते ऐकाल तर... थांबा, घाई होतेय माझी, पहिल्यापासून सांगतो.

जन्माचं मला फार काही आठवत नाही. भट्टीची धग आठवते, घणाचे ठोके आठवतात, आणि मग एकदम बेगम बाजारातलं एक दुकान आणि तेलकट कागदात गुंडाळलेला मी. दांडी हातभर लांब, मूठ सागवानी. मला घेतलं केशवरावांनी. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, नुकतंच लग्न झालेलं, आणि अंबरपेठेत घराच्या ओट्यावरच त्यांनी मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. मी स्क्रू पिळले, झाकणं उचकटली, टायरसुद्धा काढले, आणि तीन वर्षांत माझं टोक असं झिजलं की मला वाटलं, आता भंगार.

पण एके दिवशी केशवरावांनी काय केलं माहीत आहे? चालू इंजिनाला माझं टोक टेकवलं आणि माझी मूठ चक्क आपल्या कानाला लावली. इंजिनाच्या पोटातलं सगळं माझ्या दांडीतून धावत त्यांच्या कानात गेलं. त्या दिवसापासून मी ऐकायचा पेचकस झालो.

आता ऐकायचं काय, ते सांगतो. इंजिनात पेट्रोल आणि हवा कोंडलेली असते. पिस्टन वर येऊन ती दाबतो, प्लग ठिणगी टाकतो, जाळ एका बाजूने पसरत जातो आणि पिस्टनला खाली ढकलतो. झाली गाडी सुरू. पण ठिणगी फार लवकर पडली, किंवा पेट्रोल भेसळीचं निघालं, तर कोपऱ्यातलं उरलेलं पेट्रोल वाटच बघत नाही, आपलं आपणच भडकतं. मग पितळी डब्यात फुटाणे हलवावेत तशी बारीक कटकट येते. ती कटकट रोज चालली ना, तर एक दिवस पिस्टनला भोक पडतं.

जुन्या गाड्यांत ठिणगीची वेळ एका गोल प्लेटवर असते. केशवराव ती प्लेट पुढे, म्हणजे ठिणगी लवकर पडेल अशी, फिरवत, मध्येच झटक्यात ॲक्सिलरेटर देत आणि माझ्यातून ऐकत. फुटाणे वाजले की प्लेट केसभर मागे. फुटाणे बंद, काम बंद. त्यांच्या बायकोला, भामाकाकूंना, हे आत स्वयंपाकघरात ऐकू यायचं. कटकट थांबली की त्या चहा टाकायच्या. हाक मारायची कधी गरजच पडली नाही.

किती कौतुक झालं म्हणून सांगू. नामपल्लीहून लोक गाड्या घेऊन यायचे, म्हणायचे, केशवराव के कान में मीटर है. केशवराव प्रत्येकाला बजावायचे की पेट्रोल वाचवायला म्हणून चढावर टॉप गेअरमध्ये गाडी रेटू नका, पेट्रोल तर वाचत नाहीच, वर इंजिन कण्हतं. चाळीस वर्षं असं चाललं.

मग गेल्या वर्षी काहीतरी बिनसलं. मी फुटाणे पाठवायचो, केशवराव प्लेट पुढेच फिरवत राहायचे. माझी कटकट अगदी मोठी झाली की मगच ते प्लेट केसभर मागे घ्यायचे. पण तेवढ्याने कटकट कुठे थांबणार होती? मी ओरडून ओरडून सांगत होतो, तरी ते मला खाली ठेवून हात धुवायला जायचे. गिऱ्हाईकं परत येऊ लागली. कुलदीप म्हणून एक जण आहे, कोपऱ्यावर त्याचं टायरचं दुकान, त्याने दोनदा तक्रार केली. केशवरावांनी त्याला सांगितलं की तुझी गाडी ठीक आहे, हल्लीचं पेट्रोलच खराब.

आणि मग आला हर्षद. बँकेत नोकरी, गाडी वडिलांच्या वेळची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोला मागे बसवून श्रीशैलमला निघणार होता. मित्रांनो, तो रस्ता म्हणजे घाट, ऊन आणि मैलोन् मैल नुसतं जंगल. तिथे पिस्टन गेला तर दोघं कुणाला हाक मारणार?

केशवरावांनी मला लावलं, प्लेट फिरवली, हात धुतले आणि चहाची वाट बघत ओट्यावर बसले. चहा आलाच नाही. भामाकाकू कणकेच्या हाताने दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चहा टाकला नाही. आवाज थांबला नाही अजून," त्या म्हणाल्या.

"थांबलाय. मी काय आजच काम शिकायलोय?" केशवराव म्हणाले. मग हर्षदकडे वळून म्हणाले, "ते जास्त ऑक्टेनचं महागाचं पेट्रोल भर. उशिरा भडकतं ते. असला थोडा आवाज तर जाईल."

"जाईल की. अन् घाटात ते संपल्यावर? जंगलात कोण विकायलंय महागाचं?"

हर्षद आपल्या बुटांकडे बघत होता. केशवराव रागाने उठले, गाडी चालू केली, ॲक्सिलरेटर दिला आणि मला कानाला लावलं. मी माझा सगळा जीव एकवटून कटकट पाठवली. एवढी मी आयुष्यात कधी पाठवली नव्हती. त्यांनी मला दुसऱ्या कानाला लावून पाहिलं.

"मला तर काहीच येईना, भामे," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी मला उलटं धरलं आणि माझी मूठ काकूंपुढे केली.

चाळीस वर्षांत काकूंनी मला हात लावला नव्हता. त्यांनी पदराला कणीक पुसली, केस मागे सारले, त्यांच्या कानातली कुडी माझ्या मुठीवर टक्कन वाजली.

"आवाज हाय," त्या म्हणाल्या.

केशवरावांनी प्लेट मागे फिरवली.

"अजून."

"अगं, इतकं मागं?"

"तुम्ही फिरवा हो. अजून थोडं. बस. गेला."

गेला म्हणजे तिथेच थांबायचं बरं का, फार मागे नेलं तर गाडी तापते आणि चढावर धापा टाकते. केशवरावांनी स्क्रू आवळला आणि हर्षदला म्हणाले, "बारीक आवाज मला आता येईना झालाय. हे तुझ्या काकूनं लावलंय. साधं पेट्रोल भर, अन् घाटात गेअर खाली घे."

"काका, मला येत होता आवाज. मी बोललो नाही," हर्षद म्हणाला.

काकू चहा टाकायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा घाटावरून फोन आला. साधंच पेट्रोल भरलं होतं आणि चढावरही गाडी कटकट न करता चालली होती. केशवराव तडक कुलदीपकडे गेले, त्याची गाडी स्वतः ढकलत घेऊन आले.

"क्या चाचा, पेट्रोल सुधर गया?" तो म्हणाला.

"नहीं मियां, कान बदली कर लिया."

पुढच्या महिनाभरात त्यांनी एकेक गाडी परत बोलावली. केशवराव प्लेट फिरवतात, काकू ऐकतात, आणि भांडतात तर इतकं की विचारू नका.

तर मित्रांनो, फ्लायओव्हर चढताना घरची गाडी फुटाण्यांसारखी वाजली तर चालवणाऱ्याला सांगा. त्याला ऐकू येतच असेल असं धरून गप्प बसू नका. तो मोठा असेल, चिडेल, तरी सांगा. आणि आम्हां अवजारांना पुसून जागेवर ठेवा. माझी जागा आता बदलली आहे. केशवरावांनी मला टांगायचा खिळा वीतभर खाली ठोकलाय, काकूंचा हात पोचेल तिथे.