टाच वाजल्याशिवाय गाडी हलत नाही

मित्रांनो, रस्त्यात कुठे जुनी राजदूत उभी दिसली, तर तिच्या डाव्या बाजूला मागच्या चाकाजवळ वाकून पाहा. तिथे एक लोखंडी पट्टी असेल. बायका एका अंगाने बसल्या की दोन्ही पाय त्या पट्टीवर ठेवतात. मी असंच एक जुनं पायदान आहे. गाडीची टाकी लोक पाहतात, दिवा पाहतात. माझ्याकडे कुणी पाहत नाही, माझ्यावर पाय ठेवतात. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. मी आधीही पायाखालचाच होतो.

अचलपूरच्या एका जिनिंगमध्ये लोखंडी जिना होता. मी त्याची एक पायरी. पाय घसरू नये म्हणून माझ्या अंगावर खवले होते. कापूस वाहणाऱ्या मजुरांचे पाय दिवसभर माझ्यावरून वर जायचे, खाली यायचे. पुढे नवा जिना आला आणि मी भंगारात पडलो. त्या जिनिंगमध्ये एक फिटर होते. त्यांची मुलगी भागीरथा लग्न होऊन अमरावतीला गेली होती. जावई श्रावण विद्युत मंडळात लाइनमन होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जावयांनी राजदूत घेतली आणि बायकोला मागे बसवून सासरवाडीला आले.

गाडीला मागच्या बाईच्या पायासाठी बोटाएवढा जाड गोल दांडा होता. अमरावतीहून अचलपूरला येईपर्यंत भागीरथाबाईंच्या पायांना मुंग्या आल्या. ओट्यावर बसून त्या तळवे चोळत राहिल्या. वडिलांनी ते पाहिलं. सकाळी ते भंगारातून मला घेऊन आले. करवतीने कापलं, कडा घासल्या, दोन भोकं पाडली आणि नटबोल्टने गाडीला बसवलं. लेकीला म्हणाले, आता ठेव पाय. ती बसली. तिचे दोन्ही पाय माझ्यावर टेकले. त्या दिवसापासून मी त्या घरचा झालो.

मित्रांनो, पस्तीस वर्षं मी काम केलं. भातकुलीला नातेवाइकांच्या लग्नाला गेलो. वरूडहून संत्र्याची पेटी आणली, तेव्हा पेटी मांडीवर आणि पाय माझ्यावर. सातव्या महिन्यात भागीरथाबाई बसल्या, तेव्हा श्रावणभाऊंनी गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे गेले. मग प्रियदर्शनी झाली. ती आधी टाकीवर बसायची, थोडी मोठी झाल्यावर आई-बाबांच्या मध्ये. भागीरथाबाईंची टाच नेहमी एकाच जागी टेकायची. हळूहळू तिथले खवले झिजले आणि रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली. ती जागा अजून आहे.

आता एक चूक सांगतो. ती माझी नाही, पण मला ती सगळ्यांच्या आधी कळली होती.

प्रियदर्शनी पाच वर्षांची असताना तिला आजोबांकडे ठेवून दोघं अकोल्याला एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, निघाले. सकाळीच त्यांचं वाजलं होतं. आहेराचं लुगडं कोणत्या रंगाचं घ्यायचं, एवढ्यावरून. मूर्तिजापूरला पंपावर थांबले. राजदूतमध्ये नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात ऑइल मिसळावं लागतं. ते मिसळायला गाडी उभ्या उभ्या दोन्ही बाजूंना हलवावी लागते. म्हणून मागचं माणूस उतरतं. भागीरथाबाई उतरल्या. श्रावणभाऊंनी ऑइल टाकलं, गाडी हलवली, किक मारली आणि निघाले.

माझ्यावर पाय नव्हते. मला कळलं, पण मी कसं सांगणार?

बाई बोलत नाही, म्हणजे रुसली आहे, असं श्रावणभाऊंना वाटलं. पाच-सहा किलोमीटर ते गप्प राहिले. मग समजूत घालू लागले. लुगडं तुझ्याच पसंतीचं घेऊ म्हणाले. पुढे म्हणाले, चूक माझीच होती. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं आणि ऐकायला फक्त मी होतो. काटेपूर्णेच्या पुलाजवळ त्यांनी गाडी थांबवली. बायकोला गरम भजी खाऊ घालावी म्हणून मागे वळले, तर सीट रिकामी.

वीसेक किलोमीटर ते ज्या वेगाने परत आले, त्या वेगाने त्यांनी गाडी पुन्हा कधी चालवली नाही. भागीरथाबाई पंपावर ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसून शेंगा खात होत्या. पंपावरच्या लोकांनीच दिल्या होत्या.

"आले का?" त्या म्हणाल्या. "मले वाटलं, आता अकोल्याहून चिठ्ठी येईन."

श्रावणभाऊंनी रस्त्यात कबूल केलेली चूक पुन्हा कबूल करायला सुरुवात केली, पण बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, ते मंग सांगजा. आधी एक कायदा ऐका. त्या बसल्या आणि टाच माझ्यावर दोनदा आपटली. टक, टक. "हे वाजल्याबिगर गाडी हालवाची नाई."

तो कायदा कधी मोडला नाही. तो आवाज कानाला कमी आणि पायाला जास्त यायचा. माझ्यातून गाडीच्या सांगाड्यात आणि तिथून श्रावणभाऊंच्या तळव्यात. मी लोखंडाचा तुकडा, पण त्या घरात मला बोलायचं काम मिळालं होतं. दवाखान्यात जाताना, बाजाराला निघताना, मुलीला कॉलेजच्या होस्टेलवर सोडून रिकाम्या हाताने परत येताना, आधी मी बोलायचो, मग गाडी हलायची.

तीन वर्षांपूर्वी थंडीत भागीरथाबाई गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. चार दिवसांनी श्रावणभाऊंनी गाडी अंगणात काढली. किक मारली. गिअर टाकला. क्लच धरून बसून राहिले. बराच वेळ. मग गाडी बंद केली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली.

त्यानंतर ते एस.टी.ने जाऊ लागले. पुढे तेही कमी झालं. भाजी घरपोच येई, पेन्शनचा निरोप मोबाइलवर येई. ताडपत्रीखाली मला गंज चढला. गुळगुळीत जागेवरही. प्रियदर्शनी अकोल्यात शिक्षिका आहे. ती दर रविवारी फोन करायची आणि विचारायची, बाबा, आज घराबाहेर पडले का? ते म्हणायचे, अंगणात गेलो होतो.

या जानेवारीत अमोल घरी आला. अमोलचं आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे. अकोल्याला जुन्या मोटारसायकलींचा दोन दिवसांचा मेळावा होता. शनिवारी अमरावतीहून सगळ्यांनी मिळून निघायचं, संध्याकाळी अकोल्यात बक्षिसं आणि रविवारी फेरी. प्रियदर्शनीनेच त्याला पाठवलं होतं. वडिलांनी निदान एकदा गाडी काढावी, एवढंच तिला हवं होतं. श्रावणभाऊ नाही म्हणाले. अमोल दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशी पाने-पकड घेऊन आला आणि अंगणातच गाडी खोलून बसला. श्रावणभाऊ आधी खिडकीतून पाहत होते. अमोलने कार्ब्युरेटर उलटा धरला, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. ते बाहेर आले.

गाडी तयार झाली. अमोलने मेळाव्याचा नियम सांगितला. कंपनीतून निघाली तशीच्या तशी गाडी असेल, तर तिला मोठं बक्षीस. या राजदूतचं सगळं मूळचं होतं, एक मी सोडून. त्याने विचारलं, हे काढू का?

श्रावणभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "काढ. नजर तिथंच जाते."

मित्रांनो, मला राग आला नाही. त्यांचं खरं होतं. नटबोल्ट गंजले होते, अमोलला पाना मारावा लागला. मला त्याने हत्यारांच्या पिशवीत घातलं आणि शनिवारी सकाळी ती पिशवी त्याच्या स्वतःच्या गाडीच्या हँडलला अडकवली. माझं एक टोक बाहेर होतं, म्हणून पुढचं मला दिसलं.

मैदानावर चाळीसेक गाड्या जमल्या होत्या. येझदी, बुलेट, दोन लँब्रेटा. तरुण पोरं जाकीट घालून फोटो काढत होती. झेंडा हलला आणि आवाज उठला. एकेक गाडी सुटत गेली. श्रावणभाऊंनी गिअर टाकला, क्लच धरला आणि तसेच बसून राहिले. धूर खाली बसला. मैदानावर दोनच गाड्या उरल्या.

"काकाजी, सोडा नं क्लच," अमोल म्हणाला. "सगळे बडनेऱ्याले पोचले असतीन. गाडी बिघडली काय?"

"गाडी चांगली हाय," श्रावणभाऊ म्हणाले. "टाच नाई वाजली."

अमोलला कळलं नाही. मग त्यांनी गाडी बंद केली आणि उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं. पंप, भजी, शेंगा, कायदा. तीन वर्षांत ते सलग इतकं बोलले नव्हते. ऐकताना अमोल आधी हसला, मग हसायचा थांबला. त्याने पिशवीतून मला काढलं. म्हणाला, "हे लावलं त मोठं बक्षीस जाते, काकाजी."

"जाऊ दे बाप्पा. बक्षीस काही मांगं बसत नाई."

अमोलने गुडघ्यावर बसून मला पुन्हा बसवलं. दोन्ही नट आवळले, तेलाचा थेंब सोडला. श्रावणभाऊ गाडीवर बसले. त्यांनी किक मारली. मग डावा पाय मागे नेला आणि टाच माझ्यावर दोनदा आपटली. ती टाच जड होती, बुटाची होती, आणि नेमक्या जागी पडलीही नाही. पण मी जसा बोलायचो तसा बोललो. गाडी हलली.

त्या दिवशी हवा छान होती. रस्ता चार पदरी झाला आहे, दोन्ही बाजूंना हरभरा होता. संत्र्यांचे ट्रक आम्हाला मागे टाकून जात होते आणि त्यांचा वास बराच वेळ राहत होता. अमोल मुद्दाम हळू चालवत होता, पण लोणी गावाच्या पुढे श्रावणभाऊच त्याच्या पुढे गेले.

अकोल्याच्या मैदानावर प्रियदर्शनी उभी होती. तिने वडिलांच्या आधी माझ्याकडे पाहिलं. मला पुन्हा बसवल्याचं अमोलने सकाळीच तिला फोनवर सांगितलं असावं, कारण तिने विचारलं काहीच नाही. परीक्षकांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, माझ्याजवळ थांबले आणि कागदावर फुली मारली. हे कंपनीचं नाही, असं ते म्हणाले. श्रावणभाऊ म्हणाले, नाही जी, सासऱ्याचं आहे. मोठं बक्षीस खामगावच्या एका जावा मोटारसायकलला मिळालं. आम्हाला चहा, नाश्ता आणि एक टोपी मिळाली. टोपी श्रावणभाऊंनी लगेच घातली.

रविवारी सकाळी शहरातून फेरी निघाली. प्रियदर्शनी एरवी दोन्हीकडे पाय टाकून बसते. त्या दिवशी ती एका अंगाने बसली. पाय माझ्यावर ठेवले आणि कुणी न सांगता टाच दोनदा वाजवली. ती बरोबर त्या गुळगुळीत जागी पडली.

श्रावणभाऊंनी मान वळवली. "तुले हे कोणं सांगितलं, पोरी?"

"सांगाले काहून पायजे, बाबा? मी मधातच बसत होती नं."

श्रावणभाऊंनी क्लच सोडला. गाडी हलली. शहरभर लोक बघत होते, हात करत होते. कुणीतरी ओरडून विचारलं, काकाजी, फटफटी विकता काय? त्यांनीही ओरडून सांगितलं, मागच्या मालकीणबाईले विचारा. प्रियदर्शनी हसून हसून माझ्यावर पाय आपटत होती. गाडीला वाटलं असेल, हिला किती वेळा निघायचं आहे.

दुपारी आम्ही परत निघालो. अमोल मित्रांसोबत पुढे गेला होता. मूर्तिजापूरला श्रावणभाऊ त्याच पंपावर थांबले. आता पंप नवा झाला आहे, वर छत आहे. त्यांनी पेट्रोल घेतलं, ऑइल टाकलं, गाडी दोन्ही बाजूंना हलवली आणि वर बसले. किक मारली. आणि निघायच्या आधी त्यांनी मान पूर्ण मागे वळवून रिकाम्या सीटकडे पाहिलं. तीन वर्षांत त्यांनी तिकडे असं पाहिलं नव्हतं.

पेट्रोल भरणारी बाई म्हणाली, "कोणी राहिलं काय, काका?"

"नाई," ते म्हणाले. "यावेळी पाहून निघालो."

मग त्यांनी टाच मागे नेली. टक, टक. यावेळी ती बरोबर जागी पडली.

बडनेऱ्यापर्यंत ते मोठ्याने बोलत होते. टोपीबद्दल, खामगावच्या जावाबद्दल, पोरीच्या हातच्या भाजीबद्दल. मध्येच थोडं थांबायचे आणि पुन्हा बोलायचे.

आता ताडपत्रीची घडी कोपऱ्यात पडलेली असते. पुढच्या शनिवारी आम्ही अचलपूरला जाणार आहोत. माझा गंज श्रावणभाऊंनी स्वतः घासून काढला, फक्त रुपयाएवढी जागा हाताने पुसली.

मित्रांनो, माझं एवढंच म्हणणं आहे. घरच्या गाडीच्या खालच्या भागालाही कधी फडकं मारा, नट ढिला असेल तर आवळा. आणि निघण्याआधी एकदा मान वळवून मागे बघा. मागचं माणूस दरवेळी टाच वाजवेलच असं नाही.