माझ्या ट्यूबांची परदेशवारी

मी कागद कारखान्यातला बॉयलर बोलतोय. एरवी मी नुसता फुसफुसतो. आज नीट बोलतो, कारण माझ्याकडे वेळ फार नाही.

एकतीस वर्षं झाली मला इथे. पोटात पाणी, त्या पाण्यातून गेलेल्या लोखंडी ट्यूबा आणि ट्यूबांमधून धावणारी आगीची धग, एवढाच माझा संसार. माझ्या वाफेवर कागद वाळतो आणि त्या कागदावर तीनशे घरं चालतात. पहिला मालक गावातलाच होता. रोज सकाळी येऊन माझ्याकडे बघून जायचा. तो थकला आणि कारखाना समुद्रापलीकडच्या एका कंपनीने घेतला. त्या मालकांनी मला पाहिलेलं नाही, मी त्यांना नाही. ते वाईट असतील असं मी म्हणत नाही. माझ्याशी त्यांना देणंघेणं नाही इतकंच.

मला सांभाळतात ते काका. सगळा कारखाना त्यांना काकाच म्हणतो, म्हणून मीही. माझा आवाज जरा बदलला तरी जेवण टाकून उठतात. त्यांच्या निवृत्तीला अकरा महिने राहिलेत.

सहा वर्षांपूर्वी या कंपनीने नफ्यातला काही भाग इथेच ठेवून माझ्या निम्म्या ट्यूबा बदलल्या होत्या. उरलेल्या निम्म्या यंदा बदलायच्या होत्या. मागच्या वर्षी सरकारी इन्स्पेक्टर आले, हातोडीने टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, जुन्या ट्यूबा बदलेपर्यंत नेहमीचा दहाचा दाब बंद, सातवर चालवा. त्यांनी माझा सेफ्टी व्हॉल्व्ह सातला लावला आणि त्याला शिशाचं सील ठोकलं. दाब सातच्या वर गेला की तो उघडतो आणि जास्तीची वाफ बाहेर पडते. माझा जीव त्याच्यात आहे. काकांचाही.

यंदा नफा बक्कळ झाला आणि सगळाच्या सगळा देशाबाहेर गेला. ट्यूबा तशाच राहिल्या. सातवर कागद सावकाश वाळतो, माल कमी निघतो, म्हणून काल मॅनेजरसाहेब आले.

"उद्या सुट्टी आहे काका. सील काढा, व्हॉल्व्ह आवळा आणि दहावर चालवून बघा. परवापासून मला दहा पाहिजे."

"साहेब, जुन्या ट्यूबा दहा सोसायच्या नाहीत."

"वरून आलंय. मलाही नोकरी करायचीय. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, दुसरा माणूस बघतो."

निवृत्तीचे अकरा महिने काकांच्या डोळ्यांपुढे आले असणार.

आज सकाळीच त्यांनी मला पेटवलं. दुपारी काटा साडेसहावर आला आणि दारात त्यांची मुलगी उभी राहिली. मावशीकडे जायचं म्हणून त्यांना न्यायला आली होती. ही सरकारी आकडेवारीच्या कार्यालयात काम करते, देशाच्या जमाखर्चाच्या तक्त्यातली एक ओळ तिच्याकडे आहे. काकांनी पाना पाठीमागे धरला आणि उगाच काहीतरी विषय काढला.

"काय गं, आमचा नफा बाहेर गेला तो तुझ्याच ओळीत येणार ना?"

"हो. परक्या मालकांचा नफा, बाहेरच्या कर्जाचं व्याज, देशातून असं जे उत्पन्न बाहेर जातं ते सगळं त्या ओळीत."

"आणि मागे ट्यूबांसाठी इथेच ठेवला होता तो?"

"तोही. मालक परका आहे ना, मग इथेच ठेवला तरी आधी बाहेर गेला असं लिहायचं आणि लगेच गुंतवणूक म्हणून परत आला असं लिहायचं."

काका हसले. "म्हणजे याच्या ट्यूबा परदेशवारी करून आल्यात आणि मला पत्ताच नाही."

तीही हसली. मग म्हणाली, "यंदा नुसतं गेलंय. परत काही आलं नाही."

तेवढ्यात माझ्या पुढच्या झाकणाखालून पाणी ठिबकलं आणि तापल्या लोखंडावर चुरचुरलं. मला आवरलं नाही. तिने ते पाहिलं, आणि मग तो पाना पाहिला.

"बाबा, हे काय करताय?"

"काही नाही. तू पुढे हो, मी आलोच."

"बरोबरच जाऊ."

"दहा मिनिटांचं काम आहे. फाटकाबाहेर थांब जा."

"दहाच मिनिटं ना? मग मी इथेच बसते."

"इथे नको बसू म्हटलं ना," काकांचा आवाज चढला.

काकांचं लोखंडी स्टूल तिने ओढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि पर्स मांडीवर घेऊन बसली.

काका शिडी चढले. पाना सीलच्या तारेला टेकला. काका, नको, माझ्याच्याने धरवणार नाही, असं मी जीव तोडून म्हणत होतो. ऐकू कुणाला जातंय? काकांनी खाली पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

बऱ्याच वेळाने ते उतरले. पाना कोपऱ्यात टाकला आणि बर्नर बंद केला. नोंदवहीत 'दाब सातच्या आत, सील तसंच' असं लिहून खाली सही केली.

"चल," ते म्हणाले. "मावशी खोळंबली असेल."

आता मी गार होतोय. उद्या काकांना घरी बसवतील आणि दुसरा कुणी येईल. पाना तिथेच कोपऱ्यात आहे. त्या नव्या माणसावर माझा राग नाही, त्यालाही घर चालवायचं असेल. ट्यूबा बदलतील अशी आशा मी सोडली आहे. काकांची मुलगी तिच्या ओळीत आकडा लिहील आणि तो अगदी बरोबर असेल, पण माझं ठिबकणं त्यात कुणाला दिसणार नाही.

माझं मागणं एवढंच. ज्याला मला दहावर न्यायचं असेल, तो इथला असो की समुद्रापलीकडचा, त्याने खुशाल न्यावं. फक्त त्याआधी आपल्या घरातलं एक माणूस आणून त्या स्टुलावर बसवावं.