दुर्बिणीतून पाहिलेली उपांत्य फेरी

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. औंढा नागनाथजवळच्या एका वाडीत, मसाजींच्या घरातल्या खुंटीला मी टांगलेली असते. माझ्याबरोबर तयार झालेल्या काही दुर्बिणी जहाजांवर गेल्या, काही पक्षी पाहणाऱ्यांच्या गळ्यात गेल्या. मी मात्र मेंढरांमागे माळ तुडवत फिरले. आणि आयुष्यात एकदाच, फक्त एकदा, पुण्याच्या मोठ्या मैदानात बसून टेनिसची उपांत्य लढत पाहिली. ती मी कशी पाहिली आणि तिच्यापायी पुढे काय घडलं, तेवढं मला सांगायचं आहे.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. दोन पितळी नळ्या, आत भिंगं आणि लोलक, वरून काळं कातडं. माझे पहिले मालक इंजिनिअर होते. ते कालव्याच्या पाहणीसाठी औंढ्याच्या डोंगरात आले, तेव्हा त्यांना वाटा दाखवायला अठरा वर्षांचे मसाजी सोबत होते. दोन महिने दोघं उन्हातून हिंडले. काम संपलं त्या दिवशी साहेबांनी मला स्वतःच्या गळ्यातून काढलं आणि मसाजींच्या गळ्यात घातलं. त्या दिवसापासून मी त्यांचीच.

मसाजींच्या घरी मेंढरं आणि शेळ्या होत्या, थोडी कोरडवाहू जमीन होती. मी रोज त्यांच्याबरोबर माळावर जायची. कळपातून चुकलेलं करडू शोधायचं, लांडग्याची चाहूल घ्यायची, कोणाच्या उभ्या पिकात मेंढरू शिरलं का ते पाहायचं, ही माझी कामं. डोंगरावर चढलं की माझ्यातून नागनाथाच्या देवळाचा कळस अगदी जवळ दिसे. जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात मसाजी मला घेऊन गेले की पोरंसोरं रांग लावत. पंचक्रोशीत कोणाची शेळी हरवली तर लोक मसाजींकडे येत. मसाजींनी दुर्बिणीनं पाहिलं म्हणजे ते तसंच असणार, असं सगळे म्हणत. मित्रांनो, ते ऐकून मला फार अभिमान वाटायचा.

मग वर्षं गेली. चराईचे माळ कमी झाले, कळप आटत आटत दहा-बारा शेळ्यांवर आला. मसाजींचे गुडघे दुखू लागले. मी खुंटीवर गेले ती तिथेच राहिले. माझा पट्टा वाळून तडकला आणि एका नळीच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं.

त्या खुंटीवरून मला खाली उतरवलं ते टेनिसनं.

मसाजींची नात रागिणी पळण्यात चपळ होती. ती खेळाचं शिक्षण घ्यायला पुण्याला गेली आणि तिथे टेनिसची रेषापंच झाली. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे रेषेच्या मागे उभं राहून सांगायचं, असं तिचं काम. तिनं फोनवर ते समजावून सांगितलं तेव्हा मसाजींना हसू आलं. बांधाच्या आत आणि बांधाच्या बाहेर, एवढंच पाहण्यात त्यांचा जन्म गेला होता. हे काम आपल्या घरात आधीपासूनच आहे, असं ते अनुसयाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हणाले.

नात कधीतरी दिसेल म्हणून नवरा-बायको टीव्हीवर टेनिस लावून बसू लागले. रागिणी काही दिसली नाही, पण खेळाची गोडी लागली. पंधरा, तीस, चाळीस ही उलटीसुलटी मोजणी आधी अनुसयाबाईंना कळली आणि मग त्यांनी ती मसाजींना शिकवली. मसाजींचा जीव एका डावखुऱ्या खेळाडूवर जडला. तो छत्तीस वर्षांचा होता, गुडघ्याला पट्टी बांधून खेळायचा. मसाजीही तेव्हा गुडघ्याला पट्टी बांधत. विलायतेच्या गवतावरच्या स्पर्धेचे सामने आपल्याकडे संध्याकाळी लागतात. तेव्हा मसाजी अंगणात शेळ्यांजवळ बाज टाकत आणि उघड्या दारातून मला डोळ्यांना लावून टीव्ही पाहत. मला जवळचं धूसर दिसतं, म्हणून त्यांनी पावलं मोजून बाजेची जागा ठरवली होती. येणारे-जाणारे हसत. मसाजींना त्याचं काही नव्हतं आणि मला तर नवा जन्म मिळाल्यासारखं झालं होतं.

एका माघ महिन्यात रागिणीचा फोन आला. पुण्यात परदेशी खेळाडूंची मोठी स्पर्धा होती, उपांत्य सामन्याला तिची रेषेवर नेमणूक झाली होती आणि त्या सामन्यात मसाजींचा डावखुरा खेळणार होता. तिनं दोन पास काढून ठेवले होते. मसाजींनी धुतलेलं धोतर, नवा फेटा आणि गळ्यात मी, अशी तयारी केली. अनुसयाबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली.

मैदान पाहून मी दिपून गेले. निळी जमीन, पांढऱ्या रेषा आणि चहूबाजूंनी माणसंच माणसं, पण चेंडू खेळात असला की सगळी गप्प. इतकी माणसं एकदम गप्प बसलेली मसाजींनी कधी पाहिली नव्हती. आमची जागा वरच्या रांगेत होती. रागिणी समोरच्या टोकाला, मागच्या भिंतीजवळ, कडेच्या रेषेच्या नाकासमोर उभी होती. माझ्यातून तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. मसाजी थोडा वेळ डावखुऱ्याकडे पाहत, थोडा वेळ नातीकडे.

दोन डाव झाले, एक याचा आणि एक त्याचा. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या डावात डावखुरा पुढे गेला. होता होता अशी वेळ आली की आता फक्त एक गुण मिळाला की सामना त्याचा. मसाजींनी मला डोळ्यांवर घट्ट दाबून धरलं. अनुसयाबाईंना इतक्या लांबचं दिसत नव्हतं. पोरगी काय करून राहिली, असं त्या सारख्या विचारत होत्या आणि मसाजी त्यांना सांगत होते, की हात गुडघ्यावर ठेवून वाकली, नजर रेषेवर आहे.

डावखुऱ्यानं चेंडू रेषेला धरून सणसणीत मारला. समोरचा खेळाडू त्या कोपऱ्याकडे झेपावला, पण चेंडू त्याच्या हाती लागला नाही. सगळं मैदान उठून उभं राहिलं. आता रागिणी काय खूण करते, याकडे हजारो डोळे लागले.

रागिणीनं दोन्ही हात उचलले आणि डोळ्यांवर धरले.

अनुसयाबाई घाबरल्या. लेकराच्या डोळ्यात काही गेलं का, असं त्यांना वाटलं. उंच खुर्चीवरच्या मुख्य पंचांनाही चेंडू नीट दिसला नव्हता. तो गुण पुन्हा खेळायचा, असं त्यांनी जाहीर केलं आणि लोक ओरडू लागले. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. त्यांना मी दिसले.

"आजोबा, तुम्ही दुर्बीण लावून बसला होतात. आत होता ना चेंडू?"

"आत व्हता," मसाजी म्हणाले. "म्या सोता बघितला."

मित्रांनो, ते खरं नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांनाच होते. त्या क्षणी आम्ही दोघं रागिणीच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. चेंडू ना त्यांना दिसला, ना मला.

पण त्या गृहस्थांनी आजूबाजूला सांगितलं, की आजोबांनी दुर्बिणीतून पाहिलंय, चेंडू आत होता. ते एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं. बघता बघता आमच्या बाजूचे सगळे लोक रेषेवरच्या मुलीला बाहेर काढा म्हणून ओरडू लागले. रागिणी हात मागे बांधून ताठ उभी होती. तिचा खालचा ओठ दाताखाली होता. ते मात्र मला अगदी स्पष्ट दिसलं.

अनुसयाबाई नवऱ्याकडे पाहत होत्या. "तुमी तर पोरीकडं बघून राहिले व्हते," त्या हळूच म्हणाल्या.

मसाजींनी मला डोळ्यांवरून खाली घेतलं. पुन्हा खेळलेला तो गुण डावखुरा हरला, आणि मग सामनाही हरला. जाताना त्यानं गुडघ्याची पट्टी सोडली आणि लोकांना हात केला. मसाजींनी मान वर केली नाही.

सामन्यानंतर रागिणी फाटकाशी आली. मसाजींनी तिला विचारलं, की डोळ्यावर हात काहून ठेवला. तिनं सांगितलं, की तो खेळाडू मधे आला, चेंडू दिसला नाही, आणि दिसला नाही की अशी खूण करायची असते, तोच नियम आहे.

"पण इतक्या लोकांत?" मसाजी म्हणाले. "आत व्हता म्हणून टाकायचं. कोन खोटं म्हणनार व्हतं?"

"आबा, न दिसलेलं सांगितलं असतं तर त्यात एकाचा सामना गेला असता. मंग मी तिथं उभं राहून करून राहिले काय?"

मग ती म्हणाली, की लोक ओरडतातच, त्याची सवय आहे. पण आज एकाच बाजूचे लोक इतके का चिडले, ते तिला समजलं नाही. मसाजींना ते माहीत होतं. त्यांनी मला फेट्याच्या शेवाखाली सारलं. अनुसयाबाईंनी भाकरीचं फडकं सोडून नातीपुढे धरलं.

परतीच्या एसटीत मसाजी मला मांडीवर ठेवून खिडकीबाहेर पाहत होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते मला कळत होतं, कारण एक जुनी गोष्ट त्यांच्याशिवाय एकट्या मलाच पुरती माहीत होती.

बावीस वर्षांपूर्वी मसाजी आणि त्यांचे मित्र पुंजाजी यांचे कळप एकत्र चरत. पुंजाजींचा एक तांबूस कुत्रा होता, तांबू नावाचा. एका पहाटे धुक्यात मसाजींची पाच कोकरं मारली गेली. मसाजींनी मला डोळ्यांना लावलं. माझ्या काचांवर दव साचलं होतं. टेकाडापलीकडे तांबूस काहीतरी गेलं, इतकंच दिसलं. मसाजी रागात होते. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की दुर्बिणीनं पाहिलं, तांबूच होता. मग कोणी दुसरं काही विचारलंच नाही. पुंजाजींनी कुत्र्याला दोरी बांधली आणि पूर्णा नदीच्या पलीकडे नेऊन सोडून दिलं. आठच दिवसांनी दुसऱ्या कळपात तसंच झालं आणि या वेळी लांडगा भरदिवसा सगळ्यांनी पाहिला. तांबू पुन्हा सापडला नाही. मसाजी गप्प राहिले. पुंजाजींनी कळप वेगळा केला आणि दोघांचं बोलणं सुटलं.

पुण्याहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच मसाजी मला गळ्यात घालून पुंजाजींच्या वाडीला निघाले. गुडघे दुखत होते, वाटेत ते तीनदा बसले. पुंजाजी अंगणात चातीवर लोकरीचं सूत कातत होते. त्यांनी पाहिलं, पण चाती थांबवली नाही. मसाजी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि मला मधे ठेवलं.

"पुंजाजी, त्या रोजी धुकं व्हतं," ते म्हणाले. "मला काईच दिसलं न्हाई. मी दिसलं म्हनलो."

चाती फिरत राहिली. मग पुंजाजींनी सूत खाली ठेवलं.

"लांडगा दिसला तव्हाच मला समजलं. तू येशील म्हणून वाट बघितली. मंग वाट बघनं सोडून देलं."

मसाजींनी हात जोडले. पुंजाजींनी ते खाली केले.

"मला काहून हात जोडून राहिला? नदीपल्याड त्याला सोडून येनारा मीच हाय. पान्याच्या कडंकडंनं माझ्यामागं येऊन राहिला व्हता. मी या दुर्बिणीवर भरोसा ठेवला, माझ्या कुत्र्यावर न्हाई."

मित्रांनो, मला त्या वेळी मातीत जावंसं वाटलं. आयुष्यभर ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला, तीच माझ्यासमोर अशी येऊन बसली होती.

पुंजाजी त्या दिवशी चहाला थांब म्हणाले नाहीत. मसाजी तसेच परत आले. संध्याकाळी त्यांनी रागिणीला फोन लावला आणि त्या दिवशी लोकांना कोणी भडकवलं, ते सांगून टाकलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की आबा, सुट्टीत घरी येते.

उन्हाळा संपला. गवतावरची ती मोठी स्पर्धा पुन्हा सुरू झाली. उपांत्य सामन्याच्या संध्याकाळी अंगणात काठीचा आवाज आला. पुंजाजी आले होते. जवळा बाजारला आलो होतो, म्हणून वळलो, असं ते म्हणाले. बाजारचा वार तर तो नव्हता. अनुसयाबाईंनी दुसरी बाज टाकली. पुंजाजींना टेनिसचं काही कळत नव्हतं, तरी मसाजी एकाचे झाले म्हणून ते मुद्दाम दुसऱ्याचे झाले. मी या डोळ्यांवरून त्या डोळ्यांवर जात राहिले. अशा चार पावसाळ्यांच्या उपांत्य फेऱ्या त्या दोघांनी एकत्र पाहिल्या. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस.

आता मसाजी नाहीत. बऱ्याच मोठ्या स्पर्धांत रेषेवर माणसंही उभी नसतात. आत की बाहेर, ते यंत्र सांगतं. यंत्र चुकत नाही म्हणतात. तसं असेल तर चांगलंच आहे. पण हजारो माणसांसमोर डोळ्यांवर हात धरणारी मुलगी आता तिथे दिसत नाही आणि मला तिची फार आठवण येते. रागिणी हल्ली शाळेतल्या मुलांना खेळ शिकवते. सुट्टीत आली की मला उन्हात ठेवते, कारण पावसाळी ओलीनं माझ्या भिंगांवर बुरशी धरू लागली आहे.

तुमच्या घरातही माझ्यासारखं काही पडलेलं असेल. एखादी दुर्बीण, एखादं घड्याळ, एखादी कात्री. ते अडगळीत कुजू देऊ नका. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, थोडं ऊन दाखवा. आणि पुसायला बसाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बोलवा, ती वस्तू त्यांच्या हातात द्या आणि घाई न करता बसून राहा. ते आधी काही बोलणार नाहीत. तुम्ही मात्र उठून जाऊ नका.